नवे हार्ड रॉक आणि मेटल अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली मतं आहेत, आणि ठाम आहेत. मात्र प्रत्येक मतामागचं कारण सांगितलं आहे, म्हणजे तुम्हाला ते स्वतःच्या कानांनी तपासता येईल. पटलं नाही तर नेमकं कुठे पटलं नाही तेही सांगता येईल.

नवा अल्बम किती वेळा ऐकल्यावर मत द्यावं?

तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी.

पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता, गाण्यांची नावंही न बघता ऐका. या फेरीत एकच गोष्ट टिपायची: लक्ष कुठे सुटलं. दुसऱ्यांदा गीतं समोर ठेवा आणि मिनिट-सेकंद लिहीत जा. कोणता रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) पकडून ठेवतो, कुठे दोन भाग नुसते चिकटवल्यासारखे वाटतात, सोलो गाण्याला पुढे नेतो की जागा भरतो. तिसरी फेरी किमान दोन दिवसांनी. प्ले दाबण्याआधी डोळे मिटून आठवून बघा, कोणते रिफ गुणगुणता येतात? मेटलमध्ये याहून खरी परीक्षा नाही. मोठा, दणकट आवाज पहिल्या ऐकण्यात कुणालाही दिपवतो. दोन दिवसांनी तो दणका विसरलेला असतो आणि उरते ती रचना.

प्लेअरमधलं क्रॉसफेड (एक गाणं विरवत पुढचं सुरू करणं) आणि शफल आधी बंद करा. अनेक अल्बममध्ये एका गाण्याची शेपटी पुढच्यात मिसळलेली असते. क्रॉसफेड चालू असेल तर तो सांधा कापला जातो आणि दोष बँडवर येतो.

काही अल्बमना तीन फेऱ्या पुरत नाहीत. ब्लड इन्कँटेशन या बँडच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये (२०२४) दोनच रचना आहेत, प्रत्येकी वीस मिनिटांहून मोठी आणि तीन भागांत विभागलेली. डेथ मेटलच्या मधोमध संथ सिंथेसायझरचे लांब पट्टे येतात. पहिल्या फेरीत ते विश्रांतीसारखे वाटतात. चौथ्या-पाचव्या फेरीत कळतं की पुढच्या रिफची पट्टी आणि मनःस्थिती तिथेच तयार होत असते.

फोनच्या स्पीकरवर ऐकून मत दिलं तर चालेल का?

नाही. इथे आम्ही तडजोड करत नाही, कारण प्रश्न सरळ भौतिकशास्त्राचा आहे.

नेहमीच्या पट्टीतल्या गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. ड्रॉप सी लावली (जाड तार सी स्वरापर्यंत सैल केली) की ती ६५ वर येते. सात तारांच्या गिटारचा खालचा बी ६२ च्या आसपास असतो, आठ तारांच्या गिटारचा एफ शार्प ४६ वर. फोनचा स्पीकर एवढ्या खाली जवळजवळ काहीच वाजवत नाही. तरीही तुम्हाला रिफ ‘ऐकू’ येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो. सूर कळतो, वजन कळत नाही. आणि मेटलमध्ये वजन हाच अर्धा आशय आहे.

महागडी साधनं लागत नाहीत. कानात नीट बसणारे, तारेचे साधे इअरफोन पुरतात. बहुतेकांचं चुकतं ते रबरी टोपी निवडताना. टोपी सैल बसली तर खालचा सगळा भाग गळून जातो. सोबत आलेल्या तिन्ही मापांच्या टोप्या लावून एकाच रिफवर तपासा. फरक लगेच ऐकू येईल. इक्वलायझर सपाट ठेवा. ‘बास बूस्ट’ लावलात तर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटार एकमेकांत मिसळून चिखल होतो.

हार्ड रॉक कुठे संपतं आणि मेटल कुठे सुरू होतं?

ठेका ऐका. हार्ड रॉकच्या मुळाशी ब्लूज असतो, त्यामुळे ठेक्याला झोका असतो, कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) मोकळ्या वाजू दिल्या जातात आणि गिटार गायकाला उत्तर देते. मेटलमध्ये रिफ मालक असतो. पंजाच्या कडेने तारा दाबून काढलेला तुटक, कोरडा ठोका पुढे चालतो आणि गायक त्याच्यावर स्वार होतो. एसी/डीसीचा ‘पॉवर अप’ (२०२०) पहिल्या बाजूला, जुडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ (२०२४) दुसऱ्या. घोस्ट हा बँड मधल्या पुलावर उभा आहे, आणि तिथेच तो शोभतो. लेबलावरून भांडण्यात वेळ घालवू नका.

नवे अल्बम सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे का वाटतात?

तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे आणि तिची कारणं तीन ठिकाणी सापडतात.

पहिलं कारण ड्रम. रेकॉर्ड केलेला प्रत्येक ठोका संगणकावर ताल-जाळीच्या रेषेवर सरकवला जातो. त्यावर आधीच टिपलेला, चकचकीत नमुना चढवला जातो. वेगवान डबल बासला (दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकला) हे करण्यामागे खरी अडचण असते: मिनिटाला २०० बीट्सच्या लयीत सोळांश ठोके (एका बीटला चार) म्हणजे सेकंदाला तेरा ठोके. एवढ्या वेगात पाय हलकेच पडतो, आणि बाकीच्या गोंगाटात साध्या माइकवरचा किक पुसटतो. म्हणून किकला ट्रिगर (ठोका पडताच तयार नमुना वाजवणारी यंत्रणा) लावला तर आमची हरकत नाही. स्नेअरचं (हाताने वाजवायच्या करकरीत ड्रमचं) मात्र तसं नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. एखाद्या लांब फिलमधले (दोन भाग जोडणाऱ्या ड्रमच्या तुकड्यातले) लागोपाठचे आठ-दहा स्नेअर ठोके ऐका. खऱ्या हाताचा प्रत्येक ठोका थोडा वेगळा असतो, उजव्या-डाव्या हाताचा फरकही कळतो. दहाही ठोके शिक्क्यासारखे एकसारखे असतील तर तो नमुना आहे, आणि ड्रमरची ओळख तिथे पुसली गेली आहे.

दुसरं कारण गिटारचा आवाज. पूर्वी प्रत्येक स्टुडिओत वेगळा अँप, वेगळं कॅबिनेट (स्पीकरचा खोका), माइकची वेगळी जागा असायची. आता बरेच बँड अँपची डिजिटल नक्कल आणि कॅबिनेटचे तयार नमुने वापरतात, आणि तेच मोजके नमुने जगभर फिरतात. साधन वाईट नाही, पण सगळ्यांनी एकच दुकान गाठलं की कपडे सारखे दिसणारच. गंमत म्हणजे जुन्या काळीही एकाच पेटीने अख्खी उपशाखा घडवली आहे. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतून बाहेर पडलेल्या स्वीडिश डेथ मेटलचा तो करवतीसारखा आवाज बॉसच्या एचएम-२ या पेडलचा आहे, चारही बटणं शेवटपर्यंत पिळलेली. एंटूम्बडच्या १९९० च्या पहिल्या अल्बममध्ये तो ठळक ऐकू येतो. हे पेडल १९९१ मध्ये बंद झालं आणि २०२१ मध्ये कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली. आजही कुठे करवत ऐकू आली की आधी हेच आठवायचं.

तिसरं कारण डिस्टॉर्शनचं, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करण्याचं प्रमाण. गेन, म्हणजे हेच प्रमाण, वाढवला की जोरात आणि हळू छेडलेल्या तारेतला फरक मिटतो, कॉर्डमधले स्वर एकमेकांत विरघळतात. दणकट वाटणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये गेन बहुधा अपेक्षेपेक्षा कमी असतो. जाडी येते ती एकच रिफ दोनदा किंवा चारदा स्वतंत्रपणे वाजवून डावी-उजवीकडे ठेवल्याने. एकच टेक (एका वेळचं वादन) कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी मिळत नाही, फक्त मधोमध आवाज मोठा होतो. दोन टेकमधला सूक्ष्म फरक हीच ती रुंदी.

काही अल्बम दहा मिनिटांत थकवतात. गाणी चांगली असूनही असं का होतं?

बहुतेक वेळा दोष मास्टरिंगचा, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या कामाचा असतो. लिमिटरने (शिखरं दाबणाऱ्या साधनाने) सगळा आवाज छतापर्यंत दाबून भरला की हळू भाग आणि जोराचा भाग एकाच उंचीचे होतात. स्फोट व्हायचा तिथे काहीच वाढत नाही, कारण वाढायला जागाच उरलेली नसते. कान सतत ताणलेला राहतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं (२००८). सीडीवर आवाज इतका दाबला होता की शिखरं कापली जाऊन करकर ऐकू येत होती. त्याच वेळी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गाण्यांची आवृत्ती कमी दाबलेली निघाली. श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या आणि फरक कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

आज या दाबण्याला फारसा अर्थही उरलेला नाही. स्पॉटिफाय गाण्यांची सरासरी पातळी उणे १४ लफ्सवर आणते. लफ्स हे सरासरी ऐकू येणारी पातळी मोजण्याचं एकक आहे. उणे ७ वर मास्टर केलेला अल्बम तिथे सात डेसिबलने खाली ओढला जातो. मोठेपणा गेला, चेंगरलेपण राहिलं. दोन अल्बमची तुलना करताना हे नॉर्मलायझेशन चालू ठेवा, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटेल. कान हमखास फसतो.

मोठ्या बँडचा जुना अल्बम रीमास्टर होऊन आला, पण बेस गिटार अजूनही ऐकू येत नाही. फसवणूक आहे का?

नाही, दोन वेगळ्या कामांची गल्लत आहे. रीमास्टरमध्ये तयार झालेल्या दोन चॅनेलच्या मिक्सवर हात फिरवतात: पातळी, एकूण झळाळी, खरखर. बेस वेगळा काढून वर आणायचा तर मूळ टेपवरचे सुटे ट्रॅक उघडून रीमिक्स करावं लागतं. मेटालिकाचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ २०१८ मध्ये रीमास्टर झाला. बेस जिथे होता तिथेच राहिला, कारण रीमिक्स केलंच नव्हतं. उलट मेगाडेथच्या २००४ च्या आवृत्त्या ‘रीमास्टर’ म्हणून आल्या, पण त्यात रीमिक्स होतं आणि काही ठिकाणी गायनही नव्याने रेकॉर्ड केलं होतं. म्हणून घेण्याआधी वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा.

ग्राउल (खोल गुरगुरणारा आवाज) आणि किंचाळी यातलं चांगलं-वाईट कसं ओळखायचं?

तीन गोष्टी ऐका. एक, व्यंजनं: चांगल्या ग्राउलमध्ये क, ट, प यांचे स्फोट स्वच्छ येतात, त्यामुळे शब्द पूर्ण कळला नाही तरी लय कळते. दोन, शेवट: लांब ओढलेला आवाज श्वास संपताना कोसळतो की ठरवून थांबतो? तीन, रंग: खोल, मधला आणि वरचा असे किमान दोन-तीन रंग असले तर पन्नास मिनिटं सरतात, एकाच रंगावर ती जड होतात. चांगला गायक हा आवाज मुख्यतः खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून काढतो. सगळा जोर खऱ्या तंतूंवर टाकला की घसा बसतो, आणि तो ताण रेकॉर्डिंगवर ऐकूही येतो.

ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ (२०२४) या कानाने ऐकावा. २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर इथे पहिल्यांदा ग्राउल परतला. कथा मृत्युपत्राच्या वाचनाची आहे, पहिल्या सात गाण्यांना नावांऐवजी परिच्छेदांचे क्रमांक आहेत. ग्राउल इथे एका पात्राचा आवाज म्हणून येतो आणि साधं गाणं त्याला छेद देतं. आमच्या मते गेल्या काही वर्षांत आवाजाचा इतका विचारपूर्वक वापर क्वचितच झाला आहे.

मेशुगासारख्या बँडचा ताल पकडताच येत नाही. कुठून सुरुवात करावी?

गिटारकडे दुर्लक्ष करा आणि उजव्या हाताची झांज ऐका. ती बहुधा सरळ चार मात्रांत चाललेली असते. किक आणि गिटार मात्र विषम लांबीचा तुकडा फिरवत राहतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो तुकडा चौकटीत वेगळ्या जागी पडतो. काही आवर्तनांनंतर शेवटचा तुकडा कापून दोघे एकत्र समेवर येतात. तिहाई समेवर येताना जो आनंद होतो, तोच इथे आहे. झांजेवर मान हलवा, सम आपोआप सापडेल. ‘इम्यूटेबल’ (२०२२) यासाठी चांगला, कारण त्यात लय सरसकट घाईची नाही.

खूप खाली ट्यून केलं म्हणजे आवाज जड होतो का?

आपोआप नाही. खाली गेलेली तार ढिली पडते, सूर डळमळतो. म्हणून जाड तार किंवा लांब मानेची गिटार लागते. शिवाय आठ तारांची गिटार बेस गिटारच्या इलाख्यात घुसते. चांगला मिक्सर गिटारचा तळ ८०-१०० हर्ट्झच्या आसपास कापतो, तळ किक आणि बेससाठी मोकळा ठेवतो आणि बेसला खरखरीत मधला पट्टा देतो. हे केलं नाही तर सगळं एकमेकांवर साचतं.

ही वाट सुरू झाली ती गरजेतून. ब्लॅक सबाथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. तारा सैल केल्या की दाबायला सोप्या जातात. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त ब्लॅक सबाथने बऱ्याच गाण्यांत पट्टी दीड स्वर खाली आणली. आजच्या मोजमापाने ते फार खाली नाही, तरी तो अल्बम जड आहे. कारण रिफमध्ये मोकळी जागा आहे. शांततेशिवाय वजन जाणवत नाही.

अल्बम किती लांब असावा?

जेवढे वेगळे विचार, तेवढाच. स्लेअरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ सुमारे २९ मिनिटांचा. नॉक्ड लूजचा २०२४ चा अल्बम सुमारे २७ मिनिटांत दहा गाणी उरकतो आणि एकही सेकंद वाया घालवत नाही. दुसरीकडे मेटालिकाचा ‘७२ सीझन्स’ (२०२३) बारा गाण्यांत ७७ मिनिटं घेतो. मधली दोन-तीन गाणी एकाच मध्यम लयीत आणि एकाच लांबीत अडकली आहेत. ती काढली असती तर शेवटची अकरा मिनिटांची ‘इनॅमोराटा’ ताज्या कानांना भेटली असती, आणि ती त्या योग्यतेची आहे. आयर्न मेडनचा ‘सेन्जुत्सू’ (२०२१) जवळजवळ ८२ मिनिटांचा, शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांच्या वरची. पहिल्या डिस्कच्या पाठोपाठ न ऐकता दुसरी डिस्क वेगळ्या दिवशी ऐका, मग त्यांचं मोल कळतं.

पहिलं सिंगल (अल्बमआधी सुटं आलेलं गाणं) आवडलं नाही. अल्बम सोडून द्यावा का?

नको. सिंगल निवडताना लांबी आणि पटकन लक्षात राहणं पाहिलं जातं. ‘७२ सीझन्स’चं पहिलं सिंगल हे अल्बममधलं सर्वांत छोटं, साडेतीन मिनिटांच्या आतलं गाणं होतं. अल्बमची सरासरी मात्र सहा मिनिटांच्या वर. अंदाज घ्यायचाच असेल तर अल्बमच्या मध्यावरचं गाणं ऐका. बँड आपलं कच्चं काम तिथेच लपवतो.

जुन्या बँडच्या नव्या अल्बमची तुलना त्यांच्या अभिजात अल्बमशी करावी का?

आधीच्या दोन अल्बमशी करा. तीस-चाळीस वर्षं ऐकून रक्तात भिनलेल्या गाण्यांशी आठवड्यापूर्वी आलेलं गाणं स्पर्धा करू शकत नाही. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचे होते. तो ‘फायरपॉवर’शी (२०१८) ताडून बघा. सोलोंची आखणी अधिक गुंतागुंतीची झाली आहे, गाणी अधिक वळणं घेतात आणि आवाज वरच्या पट्टीत अजूनही पोचतो. वयाची सवलत द्यावीच लागत नाही.

सदस्य परतला म्हणून अल्बम चांगला, हाही तर्क टाळा. ड्रीम थिएटरच्या ‘पॅरासोम्निया’त (२०२५) ड्रमर माइक पोर्टनॉय २००९ नंतर प्रथमच परतले. फरक ऐकायचा तो फिलमध्ये आणि गाण्यांच्या बांधणीत. बातमीमुळे झालेला आनंद दोन आठवडे बाजूला ठेवा.

अलीकडच्यातले कोणते आधी ऐकावेत?

सुरेलपणा हवा तर घोस्टचा ‘स्केलेटा’ (२०२५). तो बिलबोर्ड २०० या अमेरिकी अल्बम-यादीत पहिला आला, पण शिफारशीचं कारण ते नाही. कोरस कुठे उघडायचा याची जाण त्यात आहे. स्पिरिटबॉक्सचा ‘त्सुनामी सी’ (२०२५) कोमल आणि कर्कश आवाज एकाच गळ्यातून कसे निघतात हे ऐकण्यासाठी. वातावरणात बुडायचं असेल तर डेफ्टोन्सचा ‘प्रायव्हेट म्युझिक’ (२०२५), त्यानंतर डेफहेवनचा ‘लोनली पीपल विथ पॉवर’ (२०२५). मागच्या अल्बममध्ये साध्या गाण्याकडे झुकलेला हा बँड किंचाळीकडे परतला आहे, आणि मधल्या प्रवासात शिकलेलं सोडून आलेला नाही. स्लीप टोकनच्या ‘इव्हन इन आर्केडिया’बद्दल (२०२५) आमच्यात मतभेद आहेत. ध्वनी देखणा आहे, पण जड भाग अनेकदा गाण्यातून उगवण्याऐवजी शेवटी जोडल्यासारखा येतो. ज्यांना पॉप आणि मेटलमधला झोका आवडतो त्यांना ही उणीव वाटणार नाही.

तबकडी घ्यावी की डिजिटलच बरं?

बाजूंच्या लांबीवर ठरवा. बारा इंची तबकडीची एक बाजू २०-२२ मिनिटांपर्यंत चांगली वाजते. त्यापुढे खाचा दाटीने कोराव्या लागतात, पातळी आणि तळ दोन्ही घटवावे लागतात. सुईखालची खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर वेगाने सरकते, आतल्या कडेला २१ च्या आसपास. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फिसकटतात. ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ची प्रत्येक रचना एका बाजूवर बसते, म्हणून तिथे तबकडी शोभते. ८० मिनिटांचा अल्बम दोन तबकड्यांवरच घ्या.

मेटल किती मोठ्याने ऐकावं?

८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. दाबून मास्टर केलेल्या अल्बममध्ये हळू भाग नसल्याने कानाला विसावा मिळत नाही, तेव्हा तिथे आणखी खाली या. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर पातळी जास्त होती. त्या दिवशी दुसरी फेरी नको.

स्वतःचं मत लिहायचं तर कसं लिहावं?

‘ड्रम बेकार’ असं लिहू नका. ‘तिसऱ्या गाण्यात दोन मिनिटांनी डबल बास सुरू झाला की बेस गिटार दिसेनाशी होते’ असं लिहा. वाचणारा तिथे जाऊन ऐकेल, तुमच्याशी सहमत होईल किंवा भांडेल. दहापैकी गुण देऊन हे होत नाही, म्हणून आम्ही ते देत नाही. कशावर ऐकलं, किती वेळा ऐकलं आणि कोणती आवृत्ती ऐकली, हे तीन तपशील पहिल्या ओळीतच द्या.